केरळी व्हेज स्ट्यू घरी दाट कसा होतो आणि का फुटतो

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. "केरळी पद्धतीचा व्हेज स्ट्यू घरी तीनदा केला. पहिल्यांदा अगदी पाणचट झाला. पुढच्या दोन्ही वेळा नारळाचं दूध फुटलं, वर तेलाचा तवंग आणि खाली रव्यासारखे दाणे. हॉटेलात मिळतो तो पांढरा, दाट, गुळगुळीत असतो. त्यात मैदा घालतात की फ्रेश क्रीम? माझं नेमकं कुठे चुकतंय?"

ताई, मैदा नको आणि क्रीमही नको. तुमच्या वर्णनावरून तिन्ही वेळची चूक एकाच ठिकाणी दिसते, ती म्हणजे नारळाचं दूध. पहिल्या वेळी तुम्ही बहुतेक सगळं दूध एकदमच भरपूर पाण्यात काढलंत, म्हणून ते पातळ झालं. नंतरच्या दोन्ही वेळा दाट दूध घातलंत खरं, पण ते भाजीबरोबर उकळू दिलंत. स्ट्यूला दोन वेगवेगळी दुधं लागतात, पातळ आणि दाट. पातळात भाजी शिजते. दाट अगदी शेवटी पडतं आणि त्याला उकळी दाखवायची नाही. एवढं हाताला बसलं की बाकी स्वयंपाक सोपा आहे.

मी डोंबिवलीत गेली बावीस वर्षं घरगुती ऑर्डरी घेते. स्ट्यू मला शिकवला आमच्या मजल्यावरच्या चेचीने. ती मूळची कोट्टयमची. मल्याळीत मोठ्या बहिणीला चेची म्हणतात, आमच्या मजल्यावर लहानथोर सगळे तिला त्याच नावाने हाक मारायचे. ती पदार्थाला 'इष्टू' म्हणायची. इंग्रजांचा स्ट्यू मल्याळी जिभेवर इष्टू झाला आणि त्यातल्या दुधापिठाच्या जागी नारळ आला. तिच्या घरी ईस्टरच्या सकाळी अप्पमबरोबर, म्हणजे आंबवलेल्या तांदळाच्या पिठाच्या धिरड्याबरोबर, मटणाचा इष्टू असे. पण त्याआधीचा मोठा उपास पन्नास दिवसांचा. केरळातली कितीतरी सीरियन ख्रिस्ती घरं, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातली, त्या दिवसांत मांस, मासे, अंडी तर सोडतातच, गाईम्हशीचं दूधही घेत नाहीत. तेव्हा तिच्याकडे बटाटा, गाजर, फरसबीचा इष्टू व्हायचा. आता क्रीमचं उत्तर तुमच्या लक्षात येईल. उपासाच्या घरात क्रीम येणार कुठून? त्या पदार्थाला सगळा स्निग्धपणा नारळच देतो, आणि पुरेसा देतो.

तर आधी नारळ. चौघांपुरत्या स्ट्यूला एक मोठा नारळ लागतो, खवल्यावर साधारण तीन वाट्या खोबरं निघेल असा. हातात जड लागणारा, हलवल्यावर पाणी वाजणारा घ्या. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी दिसली तर परत ठेवा. शहाळ्याकडे झुकणारं कोवळं खोबरं चटणीला छान, पण त्याचं दूध पाणीदार निघतं. फार जुन्या नारळाला खवट वास येतो आणि स्ट्यूत तो लपत नाही, कारण लपवायला तिथे मसालाच नसतो. विळीवर खवत असाल तर करवंटीजवळची काळपट साल यायला लागली की थांबा. मिक्सरला लावणार असाल तर तुकड्यांची पाठ सोलून घ्या. ती साल वाटणात गेली तर चवीला फारसं काही होत नाही, पण दूध राखाडी होतं. पांढऱ्याशुभ्र पदार्थात ते डोळ्यांना खुपतं.

खोबरं फ्रिजमधलं असेल तर आधी बाहेर काढून ठेवा. हे मी मुद्दाम सांगते, कारण इथे फार जणींचं दूध कमी निघतं आणि दोष नारळाला जातो. खोबऱ्यातला मेद साधारण चोविसपंचवीस अंशांखाली गोठतो. गार खोबरं कितीही वाटा, मेद घट्ट राहून चोथ्यातच अडकतो. शिवाय फार वेळ फिरवलं तर मिक्सरच्या पात्याला लोण्यासारखे कण चिकटतात. म्हणजे दुधात उतरायचं ते सगळं भांड्याला लागलं. नाशिकला थंडीत हे हमखास होणार. म्हणून पाणी कोमट घ्यायचं, बोट सुखाने बुडवता येईल इतपतच. कडकडीत नको.

तीन वाट्या खोबऱ्याला पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा. थांबत थांबत तीनचारदा फिरवलं की पुरे. ते पातळ मलमलच्या फडक्यात घेऊन पिळा. चेची पिळताना आधी पोटली तळहातांत नुसती दाबायची, मग मनगटं उलट दिशांना वळवायची, मग पोटली उघडून चोथा बोटांनी मोकळा करायची आणि पुन्हा पिळायची. मला पहिल्यांदा वाटलं, झालं की आता, कोरडं झालं. तिने तोच चोथा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, दाब. बोटांच्या फटींतून आणखी चारपाच चमचे दूध आलं, आधीच्यापेक्षाही दाट, सायीसारखं ओघळणारं. एक वाटीच्या आसपास निघतं ते हे पहिलं दूध. त्यात चमचा बुडवून पाठीवर बोट ओढलं तर रेघ तशीच राहायला हवी. ते झाकून बाजूला ठेवा.

त्याच चोथ्यात दोन वाट्या कोमट पाणी घालून पुन्हा वाटा आणि पिळा. हे दुसरं दूध. चोथ्यात अजून जीव वाटला तर वाटीभर पाण्यात तिसरं काढून दुसऱ्यातच मिसळा. मल्याळीत यांना ओन्नाम पाल, रंडाम पाल म्हणतात, म्हणजे पहिलं दूध आणि दुसरं दूध. कोकणातल्या, गोव्यातल्या घरांना हे नवीन नाही. तिथे दाट रस आणि पातळ रस वेगळा काढायची रीत आहेच. उरलेला चोथा टाकू नका, लसूण आणि लाल तिखट घालून तव्यावर कोरडा परतला की दोन दिवसांची चटणी होते.

आता ते फुटतं का, ते समजून घ्या. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे मेदाचे बारीक बारीक थेंब. त्यांच्याभोवती खोबऱ्यातल्या प्रथिनांचं पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. ऐंशी अंशांच्या पुढे आच गेली की ही प्रथिनं गोठायला लागतात. आवरण तुटतं, मेदाचे थेंब एकत्र येतात आणि तेल होऊन वर येतात, गोठलेली प्रथिनं दाणे होऊन खाली बसतात. तुम्ही पाहिलात तो तवंग आणि ते रव्यासारखे दाणे म्हणजे हेच. आंबटानेही तसंच होतं, म्हणून स्ट्यूत टोमॅटो नको, लिंबू नको, दही तर नकोच. सोलकढी आपण कधी उकळत नाही, ती याचसाठी. मासळीच्या आमटीत रस फुटून तेल वर आलं तर तिथे ते शोभतंही. स्ट्यूत मात्र नाही.

मग दुसरं दूध उकळलं तर चालतं कसं? एक तर त्यात मेद कमी असतो. दुसरं म्हणजे त्यात बटाटा शिजत असतो आणि बटाट्याचा स्टार्च पाण्यात उतरून सगळं बांधून धरतो. त्यामुळे बटाट्याची निवड इथे नारळाखालोखाल महत्त्वाची. शीतगृहातला जुना बटाटा गोड झालेला असतो, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. आधीच नारळ गोडसर, त्यात हा बटाटा पडला की स्ट्यू खिरीकडे जातो. नवा बटाटा शिजून आकार धरतो, पण पाण्याला दाटपणा फार देत नाही. मला हवा असतो तो मधला, पिठूळ पण गोड नसलेला. तुमच्या भागात नवाच मिळत असेल तर तोच घ्या, फक्त कुस्करायच्या फोडी दोनचार जास्त धरा. ते पुढे सांगते.

बाकी भाज्यांचं थोडक्यात. दोन मध्यम बटाटे, एक केशरी गाजर, दहाबारा फरसबीच्या शेंगा, अर्धी वाटी मटार. हिवाळ्यातलं लाल गाजर रंग सोडतं, ते हलव्यासाठी ठेवा. फ्लॉवर आवडत असेल तर मोठे तुरे घ्या, पण थोडेच, कारण त्याचा वास नारळावर चढतो. सिमला मिरची, पनीर, मक्याचे दाणे हे हॉटेलांनी घातलेले पाहिलेत, घरी मी घालत नाही. फोडी सगळ्या सारख्या, साधारण अंगठ्याच्या पेराएवढ्या.

मसाला खडाच. इंचभर दालचिनी, चार लवंगा, तीन हिरवे वेलदोडे किंचित ठेचून, आठदहा मिरे अर्धवट कुटून. एक मोठा कांदा उभा चिरून, इंचभर आलं काड्यांसारखं बारीक चिरून, तीनचार हिरव्या मिरच्या मधून चिरा देऊन, कढीपत्त्याच्या दोन काड्या. हळद नाही, लाल तिखट नाही, धनेजिरे नाहीत, गरम मसाल्याची पूड तर अजिबात नाही. आपल्या हाताला सवय असते, भांडं दिसलं की चिमूटभर हळद पडतेच. इथे ती पडली की तुम्ही चांगली भाजी केलीत, पण स्ट्यू केला नाहीत. तिखटपणा मिरी, मिरची आणि आल्याचा. तो जिभेवर नंतर येतो, नारळाच्या मागून.

तेलाबद्दल आपल्याकडे नेहमी अडखळतं. खोबरेल म्हटलं की केसांची बाटली आठवते. खाण्याचं खोबरेल वेगळं मिळतं, केरळी किराणा दुकानात हमखास, आणि आता मोठ्या दुकानांतही. फोडणीला हवं तर तुमचं रोजचं तेल वापरा. पण शेवटी वरून घालायचा एक चमचा खोबरेलचाच हवा. त्याला दुसरा पर्याय मला अजून सापडलेला नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवा, पण धूर येऊ देऊ नका. खडा मसाला टाका, वेलदोडा फुलला की कांदा, आलं, मिरची आणि अर्धा कढीपत्ता. आच मंद. कांदा काचेसारखा पारदर्शक व्हायला हवा. कडांना तांबूस छटा आली तरी पुढे सगळ्या रश्शाला ती लागते, तेव्हा इथून हलू नका. मग बटाटा आणि गाजर, सव्वा चमचा मीठ, दोन मिनिटं परतून दुसरं दूध घाला. झाकण अर्धवट ठेवा आणि मध्यम आचेवर शिजू द्या. सातआठ मिनिटांनी फरसबी आणि ताजे मटार. मटार फ्रोझन असतील तर अगदी शेवटची तीन मिनिटं. कुकर नको. एका शिट्टीत फरसबी मेणचट होते आणि बटाटा कुठे विरघळला ते कळत नाही.

बटाट्यात सुरी अलगद गेली की पळीच्या पाठीने पाचसहा फोडी पातेल्याच्या कडेला दाबून कुस्करा आणि रश्शात ढवळा. दोन मिनिटांत रस्सा पळीला धरायला लागतो. मैद्याचं काम ते हेच आणि इतकंच. जास्त श्रीमंत हवा असेल तर आठदहा काजू कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून बारीक वाटून याच वेळी घाला. काजूची पेस्ट घातल्यावर मात्र ढवळत राहा, ती बुडाला लागते.

आता दाट दूध. गॅस अगदी बारीक करा आणि रश्शाची उकळी पूर्ण बसू द्या, मिनिटभर तरी. पहिल्या दुधात आधी रश्शाच्या दोन पळ्या घालून ते कोमट करून घ्या, मग बारीक धारेने पातेल्यात ओता आणि एकाच दिशेने हलक्या हाताने ढवळा. नजर मधे नको, कडेला हवी. पातेल्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ दिसायला लागली, वरून वाफेचे धागे उठले, की त्याच क्षणी गॅस बंद. चेची या वेळी कुणाशी बोलायची नाही. दारावरची बेल वाजली तरी जायची नाही. मीही फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. दोन मिनिटांचा हा भाग आहे आणि तुमचे दोन्ही स्ट्यू इथेच गेले.

गॅस बंद केल्यावर उरलेला कढीपत्ता हाताने चुरडून, चमचाभर खोबरेल वरून, आणि झाकण. दहा मिनिटं तसंच राहू द्या. या दहा मिनिटांत तो आणखी दाट होतो. म्हणून पातेल्यात असताना किंचित पातळच वाटायला हवा. तिथेच हवा तितका दाट दिसला तर ताटात गेल्यावर खळ होते.

पुन्हा गरम करण्यातही फुटतो, आणि हे मी महागात शिकले. सुरुवातीच्या वर्षांत पन्नास माणसांची वास्तुशांतीची ऑर्डर होती. सकाळी सुंदर स्ट्यू झाला, अकराला पोचवला, पंगत बसली दीडला. तिथल्या माणसाने पातेलं मोठ्या शेगडीवर चढवलं आणि खळखळून उकळलं. त्याला काय माहीत? सांगायचं मी होतं आणि मी सांगितलं नव्हतं. झाकण उघडलं तेव्हा वर बोटभर तेल होतं. त्या यजमानीणबाईंचा चेहरा अजून आठवतो, एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून बाहेरच्या ऑर्डरीला मी दाट दूध घालून स्ट्यू पाठवतच नाही. भाजीचा रस्सा तयार करून नेते, पहिलं दूध स्टीलच्या किटलीत बर्फावर वेगळं. तिथे रस्सा उकळून, उकळी बसवून, वाढायच्या आधी दूध घालते. घरी पाहुणे उशिरा येणार असतील तर तुम्हीही असंच करा. तयार स्ट्यू गरम करायची वेळ आलीच तर गरम पाण्याच्या परातीत भांडं ठेवून करा. ताजं दूध उन्हाळ्यात दोनतीन तासांतच वास बदलतं, काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

आणि फुटलाच तर? फेकून देऊ नका. आधी भांडं आचेवरून उतरवा. रस्सा कोमट झाला की दोन वाट्या रस्सा आणि चारपाच बटाट्याच्या फोडी मिक्सरमधून गुळगुळीत वाटून परत घाला, मंद आचेवर नुसतं ढवळा. बटाटा संपला असेल तर चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून आधी उरलेल्या रश्शात शिजवा आणि मग वाटलेलं मिसळा. पूर्वीसारखा रेशमी होत नाही, पण ताटात वाढण्याजोगा नक्की होतो. गरम रस्सा मिक्सरमध्ये घालू नका, झाकण उडतं.

नारळ खवायला वेळ नसेल तर डब्यातलं दूध चालतं, परदेशातल्या आपल्या माणसांना तर तेच सोयीचं. डबा घेताना मागची पट्टी वाचा, १०० ग्रॅममागे मेद १५ ग्रॅमच्या वर असेल तर ते आपलं पहिलं दूध. 'लाइट' लिहिलेलं घेऊ नका, त्यात पाण्याचे पैसे जातात. दुसऱ्या दुधासाठी त्यातलंच एक वाटी घेऊन दोन वाट्या पाणी मिसळा. या दुधात बहुतेकदा ग्वार गमसारखे घट्ट धरणारे पदार्थ असतात, त्यामुळे ते सहसा फुटत नाही. पहिल्यांदा शिकताना त्याने भीती जाते, हा त्याचा खरा उपयोग. चव ताज्याची नाही. पूड वापरणार असाल तर घटक जरूर बघा. पुष्कळ पुडींमध्ये सोडियम केसिनेट असतं, ते गाईम्हशीच्या दुधातून येतं. घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल किंवा कुणी दूध वर्ज्य केलं असेल तर ती पूड चालणार नाही.

खायला अप्पम मिळालं तर उत्तमच, त्याच्या मधल्या जाड, जाळीदार भागात रस्सा मुरतो. इडियप्पमही छान. मालवणकडच्या घरी शिरवाळ्यांचा साचा असेल तर तोच काढा, तांदळाच्या त्याच शेवया, गोड रसाऐवजी स्ट्यूबरोबर. नाशिकला यातलं काही हाताशी नसेल तर घावन करा, पातळ पिठाचे, जाळी पडेल असे. पहिला घावन तव्यावर टाकायचा तो स्ट्यूवर झाकण ठेवल्यावर. दहा मिनिटांत चार होतात, तेवढ्यात स्ट्यूही मुरलेला असतो.